तेवीस खिशांची नाव

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हातात सुई होती, ती आधी कॉलरखाली खोचली. आपल्यावर सुई रोखून नमस्कार करणं बरं दिसत नाही.) आपला गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला गेला असावा असं धरून चालतो, कारण मागच्या खेपेला फोनवर त्या पाऊण तास बोलल्या आणि मध्ये खोकायला त्यांना सवड मिळाल्याचं जाणवलं नाही. इकडे आम्ही सगळे धडधाकट. आपली कन्याही उत्तम आहे. हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे पत्रात ती धावताना, ओरडताना आणि गुडघाभर चिखलात उभी अशी आपल्याला भेटेल, तेव्हा काळजात धस्स होऊ नये.

माझ्या निवृत्तीनिमित्त आपण पाठवलेली हवेची नाव पोचली, त्याला आता दोन महिने होतील. आभाराचं पत्र इतकं लांबलं याबद्दल क्षमा असावी. पहिला महिना नाव सजवण्यात गेला आणि दुसरा, झालेलं आपल्याला कसं सांगावं या विचारात. खरं सांगायचं तर इतकी मोठी भेट मला आजवर कुणी दिलेली नाही. (लग्नात सासऱ्यांनी कपाट दिलं होतं, पण ते नावेपेक्षा अरुंद होतं आणि त्याचं एक दार शेवटपर्यंत लागलं नाही.)

नावच का, मासेच का, हे कोडं आमच्या हिला अजून सुटलेलं नाही, आणि मीही सोडवून दिलेलं नाही. आपल्याला मात्र आठवत असेल. गेल्या वर्षी आपण आमच्याकडे जेवायला होता आणि सहज विचारलंत, शिवणकामाशिवाय आपल्याला नाद कशाचा? एक्कावन्न वर्षं लोकांचे कोट शिवले. नाद करायला वेळ होता कुणाला? पण व्याह्यांसमोर अगदीच कोरं कसं दिसायचं, म्हणून घास गिळून मी "मासे धरण्याचा" असं म्हणून गेलो. माझ्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात. त्यांच्याबरोबर मी दोनदा तलावावर गेलो होतो, त्यातल्या एका खेपेला झोपलो होतो. एवढ्या भांडवलावर मी आपल्यापुढे पाण्याची शांतता, गळाला बसणारा हिसका वगैरे बरंच काही बोललो. आपण ते लक्षात ठेवलंत. मोठ्या मनाच्या माणसांना थापा मारू नयेत, हे मला दारात आलेल्या खोक्याकडे बघताना कळलं.

खोकं येण्याआधीचे दिवस, आपल्यापासून काय लपवायचं, वाईटच होते. दुकान चिरंजीवांच्या हाती दिलं तरी मी रोज सकाळी नऊला "नुसता बसायला" जात होतो. नुसता बसलेला शिंपी आपण पाहिला आहे का? चिरंजीवांनी कापडावर खडू टेकवला की माझ्या घशातून आपोआप "हं" असा आवाज निघे. एका सकाळी असे बरेच "हं" निघाल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, तुम्ही घरी जाता का?" रागावले असते तर परवडलं असतं. मी घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. आपली कन्या दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय मोडलंय ते तिला यंत्राशिवायही दिसत असावं. संध्याकाळी ती आली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आत जाऊन तिने कुणाला तरी फोन केला. तो कुणाला केला हे मी विचारलं नाही. दहा दिवसांनी खोकं आलं.

आपण ते बहुधा उघडून पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. आत हवा भरायचे दोन लांबलचक लोड, वर जाड कापडाच्या चेनवाल्या खोळी. दोन लोडांच्या मध्ये नळ्यांची चौकट, चौकटीवर खुर्ची. बसणाऱ्याचे पाय मोकळे, पाण्यात लोंबते. दोन वल्ही, पायाने मारायचा पंप, आणि पायांत घालायला बेडकाच्या पंजासारखे रबरी जोडे. नाव एकाच माणसाची. सूचनांचा कागद आमच्यापैकी कुणालाच न येणाऱ्या भाषेत होता, पण चित्रं होती. चित्रांतला माणूस पहिल्यापासून सहाव्या चित्रापर्यंत सारखा हसत होता. आमच्यात दुसऱ्या चित्रानंतर कुणी हसलं नाही.

पुढच्या खोलीत सोफा उभा करून आम्ही नाव फुगवली. (सोफा अजून थोडा तिरका उभा राहतो.) फुगलेली नाव बघून आमची ही म्हणाली, छान आहे, आता बाहेर न्या. पण व्याहीबुवा, मी खोळीची शिलाई पाहिली होती. टीप सरळ, दोरा मजबूत, सगळं खरं; पण अख्ख्या नावेला एकही खिसा नाही! माणूस दिवसभर पाण्यात बसणार, त्याने चष्मा कुठे ठेवायचा? माझे हात शिवशिवले. महिन्यात पहिल्यांदा. मी खुंटीवरचा टेप घेतला, गळ्यात टाकला आणि नावेचं माप घ्यायला बसलो. घेर, लांबी, उतार. आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मग ती चहा ठेवायला आत गेली. मी जेवायलाही उठलो नाही.

पहिला खिसा चष्म्याचा. दुसरा, पहिला चष्मा शोधायला लागतो त्या चष्म्याचा. मग गळांचा, दोऱ्याच्या रिळांचा, आमिषाच्या डबीचा, गोळ्यांचा, शिट्टीचा, कात्रीचा, थर्मासचा, पावाचा, उकडलेल्या अंड्यांचा (प्रत्येक अंड्याला स्वतंत्र कप्पा, आतून अस्तर). घड्याळजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून येत आणि नवीन काहीतरी आठवून जात. जाळी पाहिजे, म्हणजे जाळीला पिशवी आली. काठी उभी ठेवायला नळी पाहिजे, ती मी खुर्चीच्या दोन्ही हातांना शिवली. छत्री हवीच, मग छत्रीला म्यान. असे तेवीस झाले. चोविसावा मी शिवला होता, पण त्यात काय ठेवायचं हे आठ दिवसांत कुणालाच सुचेना, म्हणून उसवला.

याच काळात गॅसचं प्रकरण घडलं. सकाळची वेळ, सगळे घरात, आणि अचानक "स्स्स" असा बारीक आवाज यायला लागला. आमच्या हिने नाक वर केलं आणि "गॅस!" म्हणून ओरडली. तिला वासही आला. (मग मलाही आला. वास हा साथीचा रोग आहे.) चिरंजीवांनी खिडक्या उघडल्या, सूनबाईंनी सिलिंडर बंद केला, आम्ही चौघं जिन्यात आलो आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही खाली बोलावलं. अर्धा तास सगळी इमारत रस्त्यावर, काहीजण दाढीच्या फेसासकट. गॅसवाला आला, आत गेला, हळूहळू बाहेर आला आणि म्हणाला, "गॅस ठीक आहे. पण तुमच्या खोलीत काहीतरी झोपलंय." डावा लोड पार बसला होता. मी खोळीखाली पोलादी पट्टी सरकवून शिवत होतो, सुई एकदाही आत गेली नव्हती. पण पन्नास वर्षांच्या सवयीने बाहीला टोचून ठेवलेली टाचणी नावेवर कोपर टेकलं तेव्हा आपल्या कामाला लागली होती. ठिगळ मी लावलं. खोक्यातलं ठिगळ काळं होतं आणि लोड करडा, म्हणून रंग जुळवायला दोन दिवस लागले. आता भोक कुठे होतं ते शोधूनही सापडणार नाही. वरच्या मजल्यावरचे मात्र अजून मला जिन्यात भेटले की नाक वर करतात.

लाइफ जॅकेटचंही सांगून टाकतो, कारण ते आपल्या कानावर दुसऱ्याकडून यायला नको. आपण पाठवलेलं जॅकेट कमरेत फार बेढब होतं. घातलं की मी पोट सुटलेला, मान नसलेला गृहस्थ दिसे. म्हणून मी ते उसवलं, आतला बराचसा फोम काढला, दोन चुण्या घेतल्या, आणि असं बसवलं की आरशासमोर दहा मिनिटं उभा राहिलो. आमच्या हिने काढलेला फोम कचऱ्यात पाहिला. ती जॅकेट हातात घेऊन आली आणि म्हणाली, "बुडताना रुबाबदार दिसून करणार काय?" मी फोम परत भरला. चुण्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या वेळी तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

राहता राहिला नांगर. नाव एका जागी उभी ठेवायला दोराला बांधून काहीतरी जड तळाशी सोडायचं असतं. दुकानात माझ्या वडिलांच्या वेळची कोळशाची लोखंडी इस्त्री पडून होती. उचलली की दोन्ही खांद्यांना कळतं. ती आणली. तळ किती खोल ते मी धक्क्यावरून दगड सोडून मोजलं, अकरा फूट निघालं, आणि शिलाईत आत सोडतो तसं दोन फूट जास्त धरून दोर कापला. इथे मी चुकलो. धक्क्यापाशी अकरा फूट म्हणजे सगळ्या तलावात अकरा फूट, असं मी धरलं. गळ्याच्या मापावरून कमर बेतणाऱ्याला मी दुकानातून हाकलून दिलं असतं.

रविवारी सकाळी नाव तलावावर नेली. रिकामी असती तर मी एकट्याने डोक्यावर घेतली असती. तेवीस खिसे भरल्यावर चौघांनी उचलली. घड्याळजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ही नाव आहे की दुकान?" सगळे हसले. मला मात्र ते तोवर सुचलंच नव्हतं. उजवीकडे कात्री, डावीकडे रीळ, गळ्यात टेप. दुकानात जी वस्तू जिथे होती तिथेच ती नावेत होती.

मी बसलो. पाय पाण्यात सोडले, रबरी पंजे हलवले, आणि नाव निघाली, पण मागे. या पंज्यांनी नाव उलटीच चालते, हे चित्रातल्या हसऱ्या माणसाने कुठे सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी काठावरच्या सगळ्यांकडे तोंड करून, हात हलवत, मागे मागे जात राहिलो, आणि आमच्या हिचा चेहरा लहान लहान होत गेला. तलावाच्या मध्यावर आल्यावर इस्त्री सोडली. गुडुप. काठी नळीत उभी केली, गळ टाकला, थर्मास सापडला (सतराव्या खिशात), चहा ओतला.

आणि व्याहीबुवा, आता मी जे लिहितो आहे त्यात थाप नाही. मी आपल्याला तेव्हा जेवताना जे जे सांगितलं होतं, ते सगळं खरं निघालं. पाण्याचा आवाज लोडांच्या खालून येत होता. पायांना गार लागत होतं. एक्कावन्न वर्षांत मी खुर्चीत बसलो आणि समोर मशीन नाही, असं पहिल्यांदा झालं. ज्याने त्याने येऊन मला आयुष्यभर एकच विचारलं, "कधी मिळेल?" एवढा मोठा तलाव, पण त्याने मला एकदाही विचारलं नाही. मला रडू आलं असं मी म्हणणार नाही. चहा जरा पातळ झाला इतकंच.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर घड्याळजी बोटाएवढे झाले होते. मला आधी वाटलं, मंडळी घरी निघाली. मग लक्षात आलं की मंडळी जागेवरच आहेत, निघालोय मी. मध्ये तलाव चांगला तीस फूट खोल, इस्त्री अधांतरी लोंबकळतेय, आणि वारा मला निवांत पलीकडच्या काठाला घेऊन चाललाय. घाबरलो नाही. शिट्टी काढायला गेलो तर अंडं हाताला लागलं. दुसऱ्या खिशात दुसरं अंडं. वल्हं ओढलं तर ते छत्रीच्या म्यानात अडकलेलं. जोर केला तेव्हा सुटलं, आणि हातातून सुटून पाण्यावरून आपल्या वाटेने निघून गेलं. मी दुसऱ्या वल्ह्याला हात घालणार, तेवढ्यात काठी वाकली.

एका बाजूला वल्हं, एका बाजूला मासा. शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी मासा घेतला. तो ओढतोय, मी ओढतोय, नाव गोल गोल फिरतेय, खिशांतून रिळं पडताहेत, आणि मी एकटाच मोठमोठ्याने हसतोय. शेवटी जाळीत आला. गळ्यात टेप होताच. लांबी सव्वानऊ इंच, छाती पाच, शेपटीपाशी अडीच. टिपून ठेवायला पेन्सिल कानामागून काढली, तेवढ्यात गिऱ्हाइकाने उसळी मारली आणि पाण्यात गेलं. ट्रायल देऊन गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही असं माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदाच झालं. (घड्याळजी माझ्यावर अजून रागावलेले आहेत. म्हणतात, मासा निसटला तर तो निदान दोन हात लांब होता असं सांगायची चाल आहे. सव्वानऊ इंच सांगून तुम्ही सगळ्यांचीच पंचाईत केलीत.)

काठावरून इकडचं चित्र निराळं दिसत होतं. म्हातारा माणूस पलीकडे वाहत चाललाय, एक वल्हं पाण्यात, नाव गरगरतेय, आणि माणूस दोन्ही हात वर करून काहीतरी करतोय. चिरंजीव बोट आणायला तलावाच्या राखणदाराकडे धावले. आपली कन्या तलावाला वळसा घालून पळत सुटली. जवळजवळ कोसभर वाट, अर्धी खडीची, आणि पायांत साध्या चपला. मी पोचलो तेव्हा ती आधीच पोचून गुडघाभर चिखलात उभी होती, एकच चप्पल पायात. तिने नावेची नळी पकडली आणि मला काठावर ओढलं.

"बाबा, पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मग हात कशाला हलवत होता?"

"मासा लागला होता. सव्वानऊ इंच. तुला वाटलं मी बुडतोय?"

"मला वाटलं तुम्ही निरोप घेताय!" असं म्हणून ती मला जे बोलली, ते मी लिहीत नाही, आपण तिला इतकं चांगलं वळण लावलं आहे, त्याला बाध यायला नको. मला असं आयुष्यात कुणी ओरडलं नव्हतं. गिऱ्हाइकं ओरडली, पण ती कोटासाठी. ही माझ्यासाठी ओरडत होती. मग ती चिखलातच बसली आणि हुंदके द्यायला लागली. काय करावं सुचेना, म्हणून मी खिशात हात घातला आणि तिच्यापुढे अंडं धरलं. तिने अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसू फुटलं तिला. असं फुटलं की मलाही आवरेना. राखणदाराची बोट आली तेव्हा आम्ही दोघं काठावर बसून अंडी सोलत होतो.

तर नाव उत्तम आहे. मीही उत्तम आहे. दुकानात आता मी जात नाही. परवा चिरंजीवच कोट घेऊन घरी आले, म्हणाले, बाबा, कॉलर बसत नाही, जरा बघता का? बघितली. चूक त्यांची नव्हती, गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता आहे. आपल्या भेटीबद्दल आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. विहीणबाईंना नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला माझ्या वतीने तेल लावावं.

आपला व्याही

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. त्या रविवारपासून आपल्या कन्येने पंप स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला आहे. "पोहायला शिका, मग देते," म्हणते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी चड्डीवर पाण्यात उतरून फळी धरून पाय मारतोय, हे काय चांगलं दिसतं? आपण तिचे वडील. तिला दोन ओळी लिहाव्यात. माझं नाव घेऊ नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं आहे. पंप कपाटात नाही. आज शनिवार. आमची ही आणि सूनबाई "डोळे तपासायला" म्हणून गेले तीन शनिवार सकाळी बाहेर पडतात, आणि दर वेळी दोघींचेही डोळे उत्तम निघतात. आज मी घड्याळजींबरोबर तलावावर फिरायला गेलो. झाडामागून पाहिलं. नावेत आमची ही बसली होती. बेचाळीस वर्षं संसार केलेली माझी बायको, पाय पाण्यात, हातात काठी, मागे मागे जात होती आणि काठावर उभ्या आपल्या कन्येला काहीतरी ओरडून सांगत होती. काय ते ऐकू आलं नाही, पण दोघी इतक्या हसत होत्या की नाव हलत होती. मी हाक मारली नाही. नावेचे एकोणीस खिसे उसवलेले दिसले. उसवण सफाईदार आहे, कापडाला कुठे धक्का नाही. घड्याळजींनी सांगितलं, आमच्या हिने मागच्या शनिवारी बारा इंची धरला.

ता. क. तिसरा. तेव्हा पंपाबद्दल तिला काही लिहू नये. आठवड्यातून एक दिवस मलाही पाळी मिळावी, इतकंच तिला हळूच सुचवावं. फळी मी कालपासून सोडली आहे, आता तिच्याशिवाय तरंगतो. वार कुठलाही चालेल. शनिवार मी मागत नाही.